शेंगेन प्रवेशपरवाना व पुणे परिसरातील उद्योग

शेंगेन करारातील यूरोपीय देशांत अल्पकाळ राहण्यासाठी परकीय नागरिकास मिळणारी सामाईक अनुज्ञा म्हणजे शेंगेन प्रवेशपरवाना (व्हिसा) होय. या देशांच्या आपापसांतील सीमांवर सामान्यतः पारपत्राची तपासणी होत नाही. म्हणून एका देशाने दिलेला परवाना इतरत्रही चालतो. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा यूरोपशी निकटचा संबंध असल्याने या परवान्याचे नियम तेथील कारखानदार, अभियंते व तंत्रज्ञ यांच्या नित्य व्यवहाराचा भाग बनले आहेत.

औद्योगिक पार्श्वभूमी : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर परिसराची वाढ झपाट्याने झाली. दापोडी, चिंचवड व पिंपरी येथे स्वीडन, जर्मनी इ. देशांतील कंपन्यांच्या सहकार्याने कारखाने निघाले. या काळात यंत्रे, आराखडे व तज्ञ प्रामुख्याने यूरोपातून इकडे येत. मर्सिडीझ-बेंझने १९९४ मध्ये भारतात कंपनी काढून पिंपरीतील टेल्कोच्या आवारात मोटारींची जुळणी सुरू केली व २००९ मध्ये चाकण येथे स्वतःचा कारखाना उभारला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखानाही सुरू झाला.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या संबंधास दुसरी दिशा मिळाली. पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीने २००४ मध्ये जर्मनीतील व २००५ मध्ये स्वीडनमधील घडाई-कारखाने विकत घेतले. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीत भाग घेतला. पिंपरीत मोठा कारखाना असलेल्या टाटा मोटर्सने २००८ मध्ये ब्रिटनमधील जॅग्वार लँड रोव्हर खरेदी केली. परिणामी मालकी, देखरेख व तांत्रिक सल्ला यांसाठी येथील माणसांना यूरोपात वारंवार जाणे भाग पडू लागले.

पारपत्राचा हक्क : असा प्रवास पूर्वी शासनाच्या मर्जीवर अवलंबून असे. मोटारींचे सुटे भाग व अभियांत्रिकी माल यांचे उत्पादन व आयात-निर्यात करणारे सतवंत सिंग सॉनी यांना शासनाने पारपत्रे परत करण्यास सांगितले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. परदेशी जाण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय न्यायालयाने १९६७ मध्ये बहुमताने दिला. त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. मात्र देशाबाहेर पडण्याचा हक्क मिळाला, तरी दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. ब्रिटन व फ्रान्स यांनी १९८६ मध्ये भारतीयांवर पूर्वपरवान्याची अट घातली. [⟶ पारपत्र].

शेंगेन करार : बेल्जियम, फ्रान्स, प. जर्मनी, लक्सेंबर्ग व नेदर्लंड्स या पाच देशांनी १४ जून १९८५ रोजी लक्सेंबर्गमधील शेंगेन गावी, मोझेल नदीतील एका नौकेवर हा करार केला. त्याच्या अंमलबजावणीचा करारनामा १९९० मध्ये झाला व २६ मार्च १९९५ पासून सात देशांत तो प्रत्यक्षात आला. पुढे क्षेत्र विस्तारत जाऊन १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया व रुमानिया हे पूर्णतः सामील झाले आणि सदस्यसंख्या २९ झाली. ब्रिटन त्यात कधीच सामील झाले नाही. भारत फोर्जने २००५ मध्ये घेतलेल्या स्वीडिश उद्योगसमूहाचा एक कारखाना स्कॉटलंडमध्ये होता. म्हणजे एकाच खरेदीतील दोन कारखाने पाहण्यास दोन स्वतंत्र परवाने लागत.

दिवसांची गणना : अल्पमुदतीच्या परवान्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा अधिक दिवस राहता येत नाही. गणनेची आजची पद्धत ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे. तीत प्रवेशाचा व निर्गमनाचा, असे दोन्ही दिवस धरतात आणि सर्व सदस्यदेशांतील वास्तव्य एकत्र मोजतात. सामान्य वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च सलग जर्मनीत राहिलेल्या अभियंत्यास ३० जूनपूर्वी ऑस्ट्रियातही पुन्हा प्रवेश मिळत नाही. पूर्वी ही मोजणी पारपत्रावरील शिक्क्यांवरून होई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बैठका, वाटाघाटी व प्रदर्शने यांसाठी हा परवाना पुरतो. यंत्र बसविणे किंवा हाताने काम करणे यांस तो पुरेल की नाही, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरते.

लहानमोठ्यांतील भेद : यूरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार एकाच उद्योगसमूहातील व्यवस्थापक व तज्ञ यांना तीन वर्षांपर्यंत, तर प्रशिक्षणार्थींना एक वर्षापर्यंत तेथील शाखेत बदलीवर जाता येते. ही सवलत अर्थातच यूरोपात शाखा असलेल्या कंपन्यांना उपयोगी पडते. भोसरी किंवा चाकण येथील सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखानदाराची तेथे शाखा नसते. तक्रार आलेला माल पाहण्यास वा नवा ग्राहक मिळविण्यास त्याला स्वतःच जावे लागते. त्याची भिस्त ९० दिवसांच्या परवान्यावर व तो वेळेवर मिळण्यावर असते.

या दृष्टीने एप्रिल २०२४ चा निर्णय महत्त्वाचा ठरला. भारतात राहणाऱ्या ज्या भारतीय नागरिकाने मागील तीन वर्षांत दोन परवाने मिळवून नियमानुसार वापरले असतील, त्यास दोन वर्षांचा बहुप्रवेश परवाना व त्यानंतर, पारपत्राची मुदत पुरेशी असल्यास, सामान्यतः पाच वर्षांचा परवाना देण्याचे यूरोपीय आयोगाने ठरविले. ९० दिवसांची मर्यादा मात्र कायम राहिली. वेळेवर परतल्याची नोंद हीच त्यामुळे लहान कारखानदाराची पत ठरली असून हिशेबातील एका दिवसाची चूकही ती घालविण्यास पुरेशी असते.