गोठ्याजवळचे लाल झाड



नाताळच्या आदल्या दिवशी गोठा बांधून झाला, की आम्ही सजावटीची मंडळी आवारातल्या पॉइन्सेटियाच्या कुंड्या उचलून आत नेतो. गेल्या वर्षी मात्र फजिती झाली. मागच्या भिंतीकडच्या कुंड्या लालभडक, आणि फाटकाजवळच्या सहा अगदी हिरव्यागार! माती एकच, खत एकच, पाणी घालणारे हातही तेच. मग फाटकावरचा दिवा आठवला. तो आम्हीच नवा बसवला होता आणि रात्रभर चालू ठेवत होतो.

हे झाड अंधारावर रंगते. सप्टेंबर सरताना रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागली, की त्याला कळ्या धरतात आणि शेंड्याची पाने लाल होतात. त्यासाठी सलग अंधाराच्या लांब रात्री आठ-दहा आठवडे मिळाव्या लागतात; मध्येच उजेड पडला तर झाड हिरवेच राहते. ज्याला आपण फूल म्हणतो ती पानेच आहेत. खरी फुले मधोमध असतात, बारीक पिवळी.

त्याचे माहेर मेक्सिको. तिथे पॅसिफिक समुद्राकडच्या डोंगरउतारांवर, पानगळीच्या जंगलात आणि ओढ्यांच्या घळींत ते रानोमाळ वाढते, माणसाच्या दुप्पट उंच होते. ज्या तास्को गावाशी त्याची कथा जोडलेली आहे, ते गाव आपल्या पुण्याच्याच अक्षांशावर आहे. म्हणूनच आपल्याकडे ते उघड्यावर आपोआप डिसेंबरात रंगते. थंड देशांतल्या माळ्यांना मात्र काचघरात काळे कापड ओढून त्याची रात्र मोजून द्यावी लागते. बाकी लागवड सोपी. बहर ओसरला की फेब्रुवारी-मार्चात छाटणी करावी, छाटलेल्या फांद्यांचे तुकडे निचऱ्याच्या मातीत लावावेत. ते शेराच्या कुळातले असल्याने मोडले की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांना लागू देऊ नये.

अझ्टेक लोक त्याला क्वेत्लाशोचित्ल म्हणत आणि त्याच्या लाल पानांपासून रंग काढत. स्पॅनिश अमलात तिथे फ्रान्सिस्कन धर्मबंधू गेले. सतराव्या शतकात तास्कोच्या परिसरात त्यांनी ख्रिस्तजन्माच्या मिरवणुकीत हे फूल वापरायला सुरुवात केली, असे सांगतात. ऐन नाताळात दारात फुललेले झाड सोडून ते दुसरे काय आणणार? मेक्सिकोत त्याचे नाव पडले नोचेबुएना. म्हणजे ‘शुभ रात्र’, नाताळची पूर्वरात्र.

मग ‘पॉइन्सेटिया’ कुठून आले? जोएल पॉइन्सेट हे अमेरिकेचे मेक्सिकोतले पहिले राजदूत. ते १८२५ मध्ये तिथे गेले, वनस्पतींचे शौकीन होते, आणि या झाडाची रोपे त्यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या आपल्या घरी पाठवली. मेक्सिकोच्या राजकारणात त्यांनी इतकी लुडबूड केली, की तिथल्या सरकारला त्यांना परत बोलावून घ्या असे सांगावे लागले. झाडाला मात्र त्यांचे नाव चिकटले. १८३४ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लोट्झ्श यांनी प्रसिद्ध केलेले शास्त्रीय नाव, युफोर्बिया पल्चेरिमा, म्हणजे ‘अतिसुंदर’, ते पुस्तकातच राहिले.

इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण पुढे १८३७ ते १८४१ पॉइन्सेट अमेरिकेचे युद्धमंत्री होते. १८३८ च्या उन्हाळ्यात सैनिकांनी चेरोकी लोकांना घरांतून ओढून काढले आणि छावण्यांत कोंडले. त्यानंतर सुमारे सोळा हजार लोकांना शेकडो मैल पश्चिमेला हाकलले गेले. बहुतेकांची वाटचाल ऐन हिवाळ्यात झाली. चार हजारांच्या आसपास माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्यांच्यात बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती होते, आपल्याच भाषेत स्तोत्रे गाणारे. इव्हान जोन्स नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी त्यांच्याबरोबर ती वाट चालले. हुकूम राबवणाऱ्या खात्याचे प्रमुख पॉइन्सेट होते. तेही ख्रिस्ती देशाचेच मंत्री.

आम्ही हे वाचले तेव्हा आमच्यात वाद झाला. काहींचे म्हणणे, झाडाचा यात काय दोष? खरेच आहे, काहीच नाही. पण ज्या गोठ्याशेजारी आपण हे नाव ठेवतो, त्या गोठ्यातल्या कुटुंबालाही बाळाला घेऊन रातोरात मिसर देशाची वाट धरावी लागली होती. त्यामुळे कुंड्या आत येतीलच, पण या वर्षी त्यांच्यापुढच्या पाटीवर ‘नोचेबुएना’ लिहायचे ठरले आहे. कोणी अर्थ विचारला तर सजावटीतल्या मुलांनी तो सांगायचा.

आणि सप्टेंबर संपला की फाटकावरचा दिवा रात्री बंद. वॉचमनकाकांनी त्याबदल्यात टॉर्च मागितला आहे. तो कोणीतरी आणून द्यावा, ही विनंती.