कॉखच्या दोन सभा

आरोग्यविज्ञानाच्या विद्यापीठांतून वर्षाकांठीं एखादा दिवस केवळ संशोधनासाठीं राखून ठेवण्याचा प्रघात आतां अनेक देशांत रूढ झाला आहे. आपल्याकडे १९९८ सालीं नाशिक येथें महाराष्ट्राचें आरोग्यविज्ञान विद्यापीठ निघाल्यापासून हें नांव मराठी घरांतही अपरिचित राहिलेलें नाहीं. ज्या घरचा मुलगा अगर मुलगी वैद्यकाचा अभ्यास करीत असेल, त्या घरच्या मंडळींनीं अशा दिवसाच्या आदल्या रात्रीची धांदल पाहिलीच असेल: निबंध दहा मिनिटांत वाचून होतो कीं नाहीं हें घड्याळ लावून पाहणें, फलकावरील आकृत्या पुन्हा पुन्हा ताडून पाहणें, आणि परीक्षक काय विचारतील ह्या धास्तीनें जेवण अर्धवट टाकून उठणें. व्यासपीठ, हारतुरे, प्रमाणपत्रें हीं त्या दिवसाचीं अंगें खरीं. परंतु तीं वगळलीं तर मागें उरतें काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासामुळें आम्हांस वारंवार पडतो. एकाच शहरांत, एकाच पुरुषानें, आठ वर्षांच्या अंतरानें गाजविलेल्या दोन सभांची हकीकत ह्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडते. शहर बर्लिन; पुरुष रॉबर्ट कॉख.

कॉख (जन्म १८४३) हा प्रथम वोलस्टाइन नांवाच्या आडगांवीं सरकारी डॉक्टर होता. विद्यापीठाचा आश्रय नाहीं, प्रयोगशाळा नाहीं. रोगी तपासून उरलेल्या वेळांत राहत्या घराच्या एका कोपऱ्यांत तो सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन बसे. गुरांमेंढ्यांस होणाऱ्या काळपुळीचा जंतु कसा वाढतो व कसा टिकून राहतो हें त्यानें तेथें शोधून काढलें. पण हें सांगावें कोणाला? १८७६ च्या एप्रिलअखेर तो आपलें सामान पेट्यांत भरून आगगाडीनें ब्रेस्लौ येथें गेला आणि तेथील विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन ह्याच्यापुढें त्यानें आपले प्रयोग एकामागून एक करून दाखविले. शेजारींच कोनहाइम हा विकृतिशास्त्राचा अध्यापक होता. त्यानें तें पाहिलें आणि परत येऊन आपल्या साहाय्यकांस हातचें काम टाकून प्रथम कॉखकडे जाण्यास सांगितलें. खेड्यांतल्या एका अप्रसिद्ध डॉक्टराला मान्यता मिळाली ती अशी. शिफारसपत्रानें नव्हे, डोळ्यांदेखत दाखविलेल्या गोष्टीनें. हा धडा कॉखनें नीट गिरविला होता, हें पुढें दिसेल.

१८८० सालीं तो बर्लिनच्या सरकारी आरोग्य-खात्यांत आला आणि क्षयाच्या मागें लागला. क्षय हा त्या काळीं युरोपाचा काळच होता. मनुष्यजातीच्या एकंदर मृत्यूंपैकीं एक-सप्तमांश मृत्यु ह्या एका रोगानें होतात, असा हिशेब खुद्द कॉखनें दिला आहे. तो संसर्गानें होतो हें पॅरिस येथील लष्करी डॉक्टर व्हिलमॅं ह्यानें १८६५ सालीं सशांवरील प्रयोगांनीं दाखविलें होतें. परंतु तेथील वैद्यक-अकादमीच्या विद्वानांनीं त्याची दखल जेमतेम घेतली. बर्लिनमध्यें तर विर्चोसारखा महापंडित जंतुवादाकडे संशयानें पाहत होता. कॉखनें आपला निबंध वाचण्यासाठीं विकृतिशास्त्राची सभा न निवडतां शरीरक्रियाशास्त्राची सभा निवडली, ती ह्यामुळेंच, असें सांगतात.

१८८२ च्या मार्च महिन्याची २४ तारीख, शुक्रवारची सायंकाळ. विद्यापीठाच्या शरीरक्रिया-संस्थेंतील वाचनालयाची लहानशी खोली. अध्यक्षस्थानीं डु बुआ-रेमों. कॉखनें आपली अर्धी प्रयोगशाळाच त्या खोलींत आणून मांडली होती: सूक्ष्मदर्शक यंत्रें, जंतूंची लागवड केलेल्या कांचेच्या नळ्या, रोगट अवयवांचे तुकडे, आणि दोनशेंहून अधिक कांचपट्ट्या. त्याच्या अंगीं वक्तृत्व बिलकुल नव्हतें; आरंभीं तो अडखळतच बोलला. पण जें सांगितलें तें पायरी-पायरीनें. क्षयाचे जंतु साध्या रंगांत दिसत नाहींत. अल्कलियुक्त निळ्या रंगांत चोवीस तास ठेवून वर तपकिरी रंग चढविला म्हणजे भोवतालचा भाग तपकिरी होतो आणि जंतु तेवढे निळे राहतात. हे जंतु नेहमींच्या अन्नावर वाढत नाहींत. ऊन देऊन थिजविलेल्या रक्तद्रवावर, शरीराइतक्या उष्णतेंत ठेवले तर वाढतात, आणि तेही इतके संथ कीं दुसऱ्या आठवड्यापर्यंत डोळ्यांना कांहींच दिसूं नये. दुसरा कोणी संशोधक असता तर चार-सहा दिवसांत निराश होऊन नळ्या फेकून देता! पिढ्यान्पिढ्या असे वाढविलेले जंतु गिनीपिगांस टोचले कीं त्यांस क्षय जडतो. आणि त्यांच्या शरीरांतून तेच जंतु पुन्हा निघतात. सांखळीचा एकही दुवा श्रोत्यांनीं विश्वासावर घ्यावा असा त्यानें ठेवला नाहीं. प्रत्येक दुवा टेबलावर होता.

व्याख्यान संपलें तेव्हां टाळ्या पडल्या नाहींत, कोणी प्रश्न विचारला नाहीं, कोणी वादास उभें राहिलें नाहीं. मंडळी उठलीं आणि एकेक करून यंत्रांवर डोळा लावूं लागलीं. आमच्या मतें विद्वानांच्या सभेला ह्याहून मोठी दाद संभवत नाहीं.

श्रोत्यांत पॉल एर्लिख नांवाचा अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर होता. आपल्या शास्त्रीय आयुष्यांतील सर्वांत मोठा अनुभव म्हणून त्या सायंकाळचा उल्लेख त्यानें पुढें केला आहे. तो नुसता भारावून घरीं गेला नाहीं, तर लगेच रंगाच्या कामास लागला. वाळत टाकलेल्या त्याच्या कांचपट्ट्यांखालची शेगडी चुकून कोणी पेटविली, आणि त्या उष्णतेनेंच जंतु अधिक ठळक रंगले, अशी आख्यायिका आहे. तें कसेंही असो. थोड्याच आठवड्यांत त्यानें कॉखच्याहून सुलभ व जलद अशी पद्धत प्रसिद्ध केली. थुंकी तपासून क्षय ओळखण्याची जी रीत आजही दवाखान्यांतून चालते, तिचें मूळ येथें आहे. १८८८ च्या सुमारास एर्लिखला खोकला जडला. स्वतःची थुंकी त्यानें ह्याच रीतीनें तपासली आणि तींत त्याला तेच जंतु दिसले. हवापालटासाठीं तो मिसर देशास गेला व सुदैवानें बरा झाला.

सर्वांचें दैव तसें नव्हतें. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि १८८७ च्या २६ फेब्रुवारीस पुण्यास क्षयानें वारल्या. वय बावीसही पुरें नव्हतें. रोगाचा जंतु सांपडून पांच वर्षें होत आलीं होतीं; त्यावर औषध मात्र जगांतील कोणाही डॉक्टरापाशीं नव्हतें. ज्यांच्या घरीं असें माणूस अंथरुणास खिळलें होतें, त्यांचें सर्व लक्ष बर्लिनकडे लागून राहिलें असल्यास नवल तें काय? दुसरी सभा समजून घेतांना ही आशा ध्यानांत ठेविली पाहिजे.

ती सभा १८९० च्या ४ ऑगस्टची. मध्यंतरीं कॉखनें कलकत्त्यास येऊन पटकीच्या जंतूचा पिच्छा पुरविला होता, तो विद्यापीठांत प्राध्यापक झाला होता, आणि जर्मन राष्ट्राचा तो अभिमानविषय बनला होता. दहावी आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद बर्लिनमध्यें भरली. पांच हजारांहून अधिक डॉक्टर मावतील असें दुसरें स्थळ नसल्यानें ती रेन्झ सर्कशीच्या इमारतींत भरवावी लागली. संशोधन अपुरें असल्यानें कॉख बोलण्यास राजी नव्हता, मंत्र्यांनीं त्याला भरीस घातलें, असें पुष्कळ लेखक लिहितात. भाषणाच्या शेवटीं त्यानें जाहीर केलें कीं, क्षयाच्या जंतूंची वाढ केवळ नळींतच नव्हे तर जिवंत गिनीपिगाच्या शरीरांतही थांबविणारें द्रव्य आपणांस गवसलें आहे. ह्या वेळीं टेबल नव्हतें, कांचपट्ट्या नव्हत्या, द्रव्याचें नांवही नव्हतें. होता तो केवळ कॉखचा शब्द. आणि तो पुरेसा ठरला.

नोव्हेंबरांत त्याचा लेख निघाला. तें औषध त्यानें स्वतःस टोचून घेतलें होतें व त्यामुळें आलेला कडक ताप, खोकला, धाप ह्यांचें वर्णन त्यानें प्रामाणिकपणें दिलें. परंतु औषध कशाचें केलें आहे हें त्यांतही गुप्तच ठेवलें. मग बर्लिनला जत्रेचें रूप आलें. देशोदेशींचे रोगी आणि त्यांच्या मागोमाग डॉक्टर तेथें लोटले. त्यांत इंग्लंडांतील एक तरुण डॉक्टर होता, ज्याला आपले वाचक शेरलॉक होम्सचा जनक म्हणून ओळखतात. कॉनन डॉइलला औषधाच्या प्रात्यक्षिकास प्रवेश मिळाला नाहीं. दुसऱ्या एका डॉक्टरानें घेतलेलीं टांचणें वाचून आणि रोगी पाहून, हें औषध जंतूंस मारीत नाहीं असा सावध इशारा त्यानें इंग्रजी वृत्तपत्रांतून दिला. दारावरून परतविलेल्या माणसाला जें दिसलें तें आंत बसलेल्या पुष्कळांस दिसलें नाहीं, ही गंमत नमूद करण्याजोगी आहे.

१८९१ च्या ७ जानेवारीस विर्चो बर्लिनच्या वैद्यक-सभेंत उभा राहिला. हें औषध टोचल्यानंतर दगावलेल्या एकवीस रोग्यांच्या शवांची तपासणी त्यानें केली होती. औषधानें रोग आवरला नव्हता. उलट ताज्या गांठी उठल्या होत्या, आणि जंतु शरीरांत इतरत्र पसरले असावेत असें दिसत होतें. जंतुवादाचा हा जुना प्रतिपक्षी ह्या खेपेस कॉखच्याच १८८२ च्या रीतीनें वागला: शरीरांत दिसलें तें त्यानें सभेपुढें ठेवलें. आठ दिवसांनीं कॉखनें औषधाची घटना उघड केली. क्षयजंतूंच्या लागवडीचा ग्लिसरिनमध्यें काढलेला अर्क, इतकेंच तें होतें. बरे झालेले गिनीपिग पाहण्याची लोकांची मागणी त्याला समाधानकारक रीतीनें कधींच पुरवितां आली नाहीं.

त्याच्या गुप्ततेचें मूळ शोधणाऱ्यांना औषधाच्या उत्पन्नावर त्याचा डोळा होता असें आढळलें आहे. स्वतंत्र संस्थेची इच्छाही होती, आणि तशी संस्था त्याला १८९१ सालीं मिळाली. तथापि त्याला लुच्चा ठरविणें आम्हांस पटत नाहीं. लुच्चा माणूस असलें द्रव्य स्वतःच्या अंगांत टोचून घेत नाहीं. त्याचा स्वतःवर विश्वास होता, आणि त्या विश्वासाला हटकणारा कोणी पांच हजारांच्या त्या सभेंत नव्हता. वाचनालयाच्या खोलींतील मूठभर लोकांपुढें मात्र असें औषध एक सायंकाळही टिकलें नसतें. तेथें प्रत्येकाला उठून यंत्रापाशीं जातां येत होतें. पुढें औषध सांपडलें तें १९४३ सालीं, अमेरिकेंत. स्ट्रेप्टोमायसिन हें त्याचें नांव.

कॉखचा अर्क वायां मात्र गेला नाहीं. व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ पिर्के ह्यानें १९०७ सालीं मुलांची कातडी किंचित् खरवडून त्यावर तो लावला आणि शरीरांत क्षयाचा शिरकाव झाला आहे कीं नाहीं हें ओळखण्याची युक्ति काढली. दुसऱ्याच वर्षीं फ्रान्सांत मांतूनें तीच कसोटी कातडींत टोचून सुधारली. १९४८ सालीं हिंदुस्थानांत बी. सी. जी. टोचण्याचें काम सुरू झालें, तेव्हां आधीं ह्याच द्रव्याचा थेंब मुलांच्या हाताच्या कातडींत टोचीत, आणि तीन दिवसांनीं उठलेली गांठ पट्टीनें मोजून वहींत लिहीत.