गारपीट व वादळी वाऱ्याचा इशारा (महाराष्ट्र)

गारपीट व वादळी वाऱ्याचा इशारा ही भारतीय हवामानशास्त्र विभागाकडून (स्थापना १८७५) दिली जाणारी पूर्वसूचना होय. मेघगर्जना, विजा, सोसाट्याचा वारा आणि गारा यांपैकी एक वा अनेक घटना ठरावीक कालावधीत, ठरावीक जिल्ह्यात घडण्याची शक्यता या सूचनेत वर्तविलेली असते. थंड प्रदेशांत हिमवादळाच्या इशाऱ्याला जे स्थान आहे, ते महाराष्ट्रात, विशेषतः फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, या इशाऱ्याला आहे. राज्यात आकाशातून बर्फ पडतो तो केवळ गारांच्या रूपाने. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या दक्षिण महाराष्ट्रातील जिल्ह्यांत हा काळ ऊसतोडणी, गुऱ्हाळे, द्राक्षकाढणी आणि बेदाणानिर्मिती यांचा असल्याने इशाऱ्याचा थेट संबंध उघड्यावर असलेल्या पिकाशी आणि माणसांशी येतो.

हिमवादळाचा इशारा आणि महाराष्ट्र

संघटित स्वरूपाच्या वादळी इशाऱ्यांची सुरुवात समुद्रावर झाली. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात सापडून बुडाल्यानंतर ब्रिटनमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ पासून बंदरांना वादळाचे संकेत देण्यास आरंभ केला. भारतात १८६४ च्या विनाशकारी चक्रीवादळानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी अशी व्यवस्था सुरू झाली. जमिनीवरील शेतकऱ्यापर्यंत इशारा पोहोचविण्याचा विचार त्यानंतर बऱ्याच काळाने झाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेत हिवाळी वादळासाठी पूर्वदक्षता, सल्ला आणि प्रत्यक्ष इशारा अशा पायऱ्या आहेत. ताशी ३५ मैल (सुमारे ५६ किमी) किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा, बर्फामुळे पाव मैलाच्या आत आलेली दृश्यमानता आणि ही स्थिती किमान ३ तास टिकणे, या अटी पूर्ण झाल्यास तेथे ‘ब्लिझार्ड’ म्हणजे तीव्र हिमवादळ मानले जाते. असे वादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते व त्याची चाहूल एकदोन दिवस आधी लागू शकते. गारपिटीचे तसे नाही. गारांचा ढग दुपारी तयार होतो आणि संध्याकाळपर्यंत विरून जातो. दोन्ही इशाऱ्यांतील मूळ फरक हाच आहे, आणि महाराष्ट्रातील इशाऱ्याच्या बहुतेक मर्यादा त्यातून उद्भवतात.

महाबळेश्वर येथे वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठून हिमकण दिसतात. वृत्तपत्रांत त्याला कधी कधी ‘बर्फ पडला’ असे म्हटले जाते; ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा व गवत उष्णता गमावून अतिशय थंड होते, त्यामुळे हवामान केंद्रावरील तापमान शून्याच्या वर असतानाही गवतावर व गाड्यांच्या टपांवर दव गोठू शकते. थंडीच्या लाटेचे निकष वेगळे आहेत. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सियस किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक कमी असल्यास थंडीची लाट, तर ही घट ६.४ अंशांहून अधिक असल्यास तीव्र लाट समजतात.

गारा पडण्याची कारणे

कोल्हापूर परिसरात उन्हाळी पावसाला ‘वळीव’ म्हणतात. सकाळपासून उकाडा, दुपारनंतर पूर्वेकडे चढत जाणारे काळे ढग, मग धुळीची वावटळ, वीज आणि जोरदार सर, हा त्याचा नेहमीचा क्रम. तापलेल्या जमिनीवरील हवा वेगाने वर जाते. अरबी समुद्र वा बंगालच्या उपसागरावरून आलेल्या बाष्पाची जोड मिळाली की उंच क्युम्युलोनिम्बस ढग तयार होतात. या दिवसांत महाराष्ट्र व कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणोत्तर जाणारा हवेच्या कमी दाबाचा पट्टा अथवा वाऱ्यांच्या दिशेतील खंड ढगांना पोषक ठरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचा प्रभाव राज्यापर्यंत पोहोचल्यास वरच्या थरात थंड हवा येते व अस्थिरता वाढते.

हवेचे तापमान शून्य अंश होण्याची पातळी येथे उन्हाळ्यात सुमारे साडेचार ते पाच किलोमीटर उंचीवर असते. ढगातील ऊर्ध्वप्रवाह जोरदार असल्यास पाण्याचे थेंब या पातळीच्या वर जाऊन गोठतात, त्यांवर अतिशीत पाण्याचे थर चढतात, आणि प्रवाहाला भार पेलेनासा झाला की गार खाली येते. वाटेत तिचा काही भाग वितळतो. म्हणूनच अनेक ढगांत गारा असूनही जमिनीवर केवळ टपोऱ्या थेंबांचा पाऊस येतो. ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक व्यासाच्या बर्फाच्या गोळ्यालाच गार म्हणतात.

गारांचा मार सामान्यतः पट्ट्यापट्ट्यांत पडतो. पट्ट्याची रुंदी कित्येकदा एकदोन किलोमीटरच असते. एका गावची बाग झोडपली जाते आणि शिवेपलीकडे पानही फाटत नाही.

इशाऱ्याचे रंग

विभागाचे इशारे चार रंगांत दिले जातात. हिरवा म्हणजे कोणताही इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे कृती करा. रंग ठरविताना घटनेची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम या दोहोंचा एकत्र विचार होतो. नारिंगी रंग म्हणजे मोठी गार व पिवळा म्हणजे लहान गार, असा अर्थ काढणे चुकीचे आहे. तो रंग वाचणाऱ्याने किती तयारीत असावे एवढेच सांगतो. वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या ‘यलो अलर्ट’, ‘ऑरेंज अलर्ट’ या शब्दांनी रंग घरोघरी पोहोचले, पण त्यांसोबतचा मजकूर मात्र बहुधा मागे राहिला.

वाऱ्याचा वेग ताशी ३०–४०, ४०–५०, ५०–६० किमी अशा टप्प्यांत दिला जातो. वाऱ्याचा वेग अचानक किमान २९ किमीने वाढून ताशी ४० किमी वा अधिक झाला आणि तो किमान एक मिनिट टिकला, तर त्यास ‘स्क्वॉल’ म्हणजे चंडवात म्हणतात. क्षणिक झोत याहून वेगळा.

‘तुरळक ठिकाणी’ या शब्दाचा अर्थ

मराठी इशाऱ्यांत ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘अनेक ठिकाणी’ व ‘बहुतांश ठिकाणी’ असे शब्दप्रयोग येतात. हे शब्द सैल नसून पारिभाषिक आहेत. क्षेत्रातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर घटना घडणे म्हणजे तुरळक, २६ ते ५० टक्के म्हणजे काही, ५१ ते ७५ टक्के म्हणजे अनेक, त्यापुढे बहुतांश. हे वर्गीकरण केवळ विस्ताराचे आहे, तीव्रतेचे नव्हे.

व्यवहारातील मराठीत मात्र ‘तुरळक’ म्हटले की विरळ, किरकोळ असा अर्थ मनात येतो. ‘तुरळक पाऊस’ म्हणजे चार थेंब. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ हे वाचून गारा थोड्याच पडतील असा समज होतो. प्रत्यक्षात ती गारपीट ज्या थोड्या गावांवर होईल तेथे ती संपूर्ण बाग आडवी करणारी असू शकते. ‘एकदोन ठिकाणी, परंतु तेथे जोरदार’ असे लिहिले तर घोटाळा टळू शकतो. कोल्हापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किमी आहे. गगनबावड्याचा घाटमाथा आणि शिरोळची सपाट काळी जमीन यांचे हवामान एकसारखे नाही, तरी बराच काळ दोन्हींना एकच जिल्हानिहाय रंग मिळत असे. अलीकडे विभागाच्या अंदाजात ‘कोल्हापूर’ व ‘कोल्हापूर घाट’ अशी वेगळी नोंद दिसते. ही सुधारणा मुख्यतः पावसाळ्यासाठी उपयुक्त आहे.

तात्कालिक अंदाज व रडार

जिल्हानिहाय इशारा पुढील काही दिवसांसाठी असतो. ढग प्रत्यक्ष तयार झाल्यावर पुढील तीन तासांपर्यंतचा तात्कालिक अंदाज (नाउकास्ट) दिला जातो. गारपिटीबाबत खरी उपयोगी माहिती याच अंदाजात असते. त्याचा आधार डॉप्लर रडार होय. ढगातून परत येणाऱ्या लहरींची परावर्तकता ५० ते ५५ डीबीझेडच्या पुढे गेली की गारांची शंका घेतली जाते.

कोल्हापूरपासून गोव्याचे रडार सरळ रेषेत सुमारे १४० किमी, सोलापूरचे सुमारे २०० किमी आणि मुंबईचे सुमारे ३०० किमी अंतरावर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे अंतर वाढेल तसा रडारचा किरण जमिनीपासून वर जातो. सर्वांत खालच्या नेहमीच्या कोनात तो १४० किमीवर सुमारे अडीच, २०० किमीवर सुमारे चार आणि ३०० किमीवर सुमारे आठ किलोमीटर उंच असतो. म्हणजे दूरच्या रडारला ढगाचा केवळ माथा दिसतो. जमिनीलगत सुटणारा वारा व ढगाखालील गारांचे वितळणे त्याच्या नजरेच्या खाली राहते. सह्याद्रीच्या रांगांचा अडथळा निराळाच.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे उपयोजन आहे. ते वापरकर्त्याच्या २० व ४० किमी परिघातील विजांची सूचना देते. शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’, सर्वसाधारण हवामानासाठी ‘मौसम’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ही उपयोजनेही प्रचलित आहेत. मात्र ती हाती असलेल्या भ्रमणध्वनीवर आणि गावातील संपर्कजाळ्यावर अवलंबून असतात, आणि वादळ सुरू होताच वीज खंडित होते हा ग्रामीण भागातील नित्याचा अनुभव आहे.

फेब्रुवारी–मार्च २०१४ ची गारपीट

२०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात वारंवार गारपीट झाली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा कालावधी: एखाद्या दुपारची ही घटना नव्हती, सुमारे दोन आठवडे ती निरनिराळ्या जिल्ह्यांत होत राहिली. काढणीला आलेला गहू, हरभरा, रब्बी ज्वारी तसेच द्राक्ष व डाळिंब बागांचे मोठे नुकसान झाले. जनावरे व पक्षी मेले. ५ मार्च रोजी लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्याने मदतीच्या घोषणेचा प्रश्नही त्या काळात चर्चेत राहिला. गारपिटीच्या इशाऱ्याकडे राज्यात गांभीर्याने पाहिले जाऊ लागले ते या घटनेनंतर, असे म्हणता येते.

गारांनी माणसेही मरतात. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद परिसरात गारपिटीने २४६ जणांचा मृत्यू झाला. एका गारपिटीतील मृत्यूंचा हा जगातील उच्चांक मानला जातो.

इशारा मिळाल्यावर काय करता येते

हिमवादळाच्या प्रदेशात इशाऱ्यानंतर लोक घरात थांबतात. कोल्हापूर-सांगलीत मार्च महिन्यात ज्यांना इशारा लागू होतो त्यांपैकी अनेकांना घर हाच प्रश्न असतो. मराठवाड्यातून आलेले ऊसतोड कामगार हंगामात रानात, कारखान्याच्या तळावर चटई, बांबू व प्लास्टिकच्या कोप्यांत राहतात. सोसाट्याच्या वाऱ्यात कोपी उडते आणि आसपास आडोसा असतो तो झाडाचा. विजेच्या वेळी झाडाखाली थांबू नये असे इशाऱ्यात स्पष्ट लिहिलेले असते. अशा वस्तीसाठी जवळची शाळा, समाजमंदिर वा कारखान्याची पक्की इमारत आधीच ठरवून ठेवली, तरच त्या सूचनेला अर्थ प्राप्त होतो. वीटभट्टीवरील कुटुंबांची स्थिती याहून वेगळी नाही.

गुऱ्हाळात काहिलीखालील जळण म्हणून उसाची वाळलेली चिपाडे वापरतात. ती उघड्यावर पसरलेली असतात. एक वळीव झाला की जळण भिजते व गुऱ्हाळ काही दिवस थांबते. तासाभराची सूचनाही ती ढीग करून झाकण्यास पुरेशी असते. बेदाण्याच्या शेडना बाजूचे पडदे सोडता येतात. भिजलेला बेदाणा काळवंडतो आणि त्याचा दर पडतो, त्यामुळे तासगाव, कवठे महांकाळ भागात तात्कालिक अंदाज आवर्जून पाहिला जातो. पत्र्याच्या छपरावर नुसते दगड ठेवण्याची पद्धत धोकादायक आहे, कारण वाऱ्याने पत्रा उचलला की दगडही खाली येतात. पत्रे हुकांनी आवळणे हे काम इशाऱ्याच्या आधीचे आहे.

उभ्या द्राक्षबागेला मात्र तीन तासांत फारसे काही करता येत नाही. तयार घड उतरवावेत तर मजूर व गाडी मिळायला हवी. गारांनी घडच नव्हे तर काड्याही सोलवटतात, आणि त्याचा परिणाम पुढील हंगामाच्या उत्पन्नावर होतो. प्लास्टिक आच्छादन अथवा गारारोधक जाळी हा उपाय हंगामापूर्वीच करावा लागतो व तो खर्चिक आहे. हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांत जाळ्यांचा वापर रूढ आहे. आवाजाच्या स्फोटाने गारा फोडणाऱ्या तथाकथित गारारोधक तोफांच्या उपयुक्ततेला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. उसाची पाने गारांनी फाटतात, पण पीक सहसा जात नाही. वाऱ्याने तो लोळला तर तोडणीचे कष्ट व वेळ वाढतो.

नुकसान व शासकीय मदत

गारपीट, थंडीची लाट व दहिवर यांचा समावेश राष्ट्रीय पातळीवरील अधिसूचित आपत्तींत आहे. वीज पडणे व अवेळी पाऊस या आपत्ती महाराष्ट्र शासनाने राज्य पातळीवर मदतीस पात्र ठरविल्या आहेत. पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान झाल्यास मदत देय होते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२–२६ या कालावधीच्या केंद्रीय निकषांनुसार दर हेक्टरी कोरडवाहू पिकास ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये अशी मर्यादा असून ती २ हेक्टरपर्यंत लागू होते. मृताच्या वारसास ४ लाख रुपये दिले जातात.

ही मदत पंचनाम्यावर अवलंबून असते. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी संयुक्तपणे केलेल्या पाहणीत नुकसानीची टक्केवारी ठरते. इशारा दिला गेला होता की नव्हता, यावर मदतीची पात्रता अवलंबून नाही. गार काही तासांत वितळते, म्हणून त्याच दिवशी बागेची आणि गारांची छायाचित्रे काढून ठेवणे शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.