कापसाचा धागा आणि मोटारीचें कवच

यवतमाळचा कापूस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु मोटारीच्या अपघातांत जीव वाचविणाऱ्या कर्बतंतूच्या कुळकथेंतहि सुती दोऱ्याला मान आहे, हें थोड्यांसच ठाऊक असेल. १८७९ सालीं एडिसननें असा दोरा हवा लागूं न देतां भाजला व त्याचा कोळसा दिव्यांत उजळविला. त्या तंतूंत प्रकाश होता, बळ नव्हतें. तें बळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कृत्रिम धाग्यापासून केलेल्या कर्बतंतूंत आलें.

१९८१ मध्यें मॅक्लारेन संस्थेनें जॉन बर्नार्ड यांच्या आराखड्यानुसार फॉर्म्युला वन शर्यतीच्या मोटारीचा सांगाडा राळेनें सांधलेल्या कर्बतंतूचा केला. ठिसूळ वस्तु आघातानें फुटेल, ही शंका होतीच. त्याच वर्षीं इटलींत मोंझा येथें जॉन वॉटसनची गाडी आदळली, एंजिन तुटून वेगळें झालें. वॉटसन मात्र सुखरूप बाहेर आला.

यांतील मर्म असें कीं, पोलाद दुमडून आघात सोसतें, तर नीट रचलेला कर्बतंतु स्वतः चुरडून तो पितो. परंतु त्याची किंमत भारी, आणि आंतील तडा वरून दिसेलच असें नाहीं. म्हणून पांढरकवड्यावरून जाणाऱ्या महामार्गावरील बहुतेक मोटारी आजहि पोलादाच्याच आहेत. त्यांत बसणाऱ्यानें सीटचा पट्टा बांधावा आणि वेग आवरावा, हेंच त्याच्या हातचें कवच होय.