बोटीचा पत्रा किती जाड हवा? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर समजून घ्या

‘जाड पत्रा घ्या, बोट मजबूत होईल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. पत्र्याला आतून आधार देणाऱ्या फासळ्या, म्हणजे फ्रेम, किती अंतरावर आहेत हे आधी बघावं लागतं. अंतर दुप्पट केलं, तर जाडीही दुप्पट लागते.

हिशोब असा करा

उदाहरणासाठी मी आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणात सावकाश चालणारी बोट घेतो. तिचा तळ अर्धा मीटर बुडतो असं धरू. लाटा आणि हिसके लक्षात घेऊन मी १ मीटर पाण्याचा दाब पकडतो. तो दर चौरस मिलिमीटरला साधारण ०.०१ न्यूटन असतो. साधं पोलाद २५० न्यूटनच्या आसपास कायमचं वाकायला लागतं, म्हणून मी ताणाची मर्यादा १०० ठेवतो.

जाडी = फासळ्यांमधलं अंतर × वर्गमूळ [दाब ÷ (२ × ताण)]

अंतर ४०० मिमी असेल, तर उत्तर येतं २.८ मिमी. गंजासाठी १ मिमी वाढवा आणि बाजारात मिळणारा ४ मिमी पत्रा घ्या. अंतर ५०० केलं, तर हाच हिशोब ५ मिमीवर जातो.

वजन विसरू नका

१ मिमी जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. २० चौरस मीटरच्या बोटीला ४ ऐवजी ५ मिमी लावला, तर १५७ किलो वाढतात. म्हणजे दोन प्रवाशांची जागा पत्र्यानेच खाल्ली!

मग फासळ्या जवळ घेऊन २ मिमी वापरायचा का? तसं करू नका. इतका पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने वेडावाकडा होतो आणि गंजाला काही शिल्लक राहत नाही.

ॲल्युमिनियम घेतलं तर?

५०८३ हा बोटींसाठीचा प्रकार पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो. पण वेल्डजवळ तो कमजोर पडतो, त्यामुळे जाडी वाढवावी लागते.

हे सूत्र फक्त अंदाजासाठी आहे. स्पीडबोट पाण्यावर आपटते, तिथे दाब कितीतरी वाढतो. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी आणि नोंदणी करावी लागते. म्हणून माणसं बसवायची असतील, तर पत्रा कापण्याआधी ड्रॉइंग बोटींच्या डिझायनरकडून तपासून घ्याच.