इंजेक्शनाऐवजी गोळी : पेप्टाइड औषधांची पोटातील कसोटी

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे एका मधुमेही रुग्णाला प्रथमच इन्शुलिन टोचण्यात आले. त्याला शतक उलटून गेले, तरी इन्शुलिन आजही मुख्यतः टोचूनच घ्यावे लागते. याचे कारण आपल्या पचनसंस्थेत आहे. इन्शुलिन हे पेप्टाइड आहे, म्हणजेच अमिनो आम्लांची साखळी. डाळीतील प्रथिन कोणते आणि औषध कोणते, हा भेद जठराला कळत नाही. दोहोंचेही तुकडे होतात. शिवाय एवढा मोठा रेणू पचनमार्गाचे अस्तर सहजासहजी ओलांडू शकत नाही. स्थूलता आणि मधुमेह यांवरील नव्या पेप्टाइड गोळ्यांचे महत्त्व आणि त्यांच्या मर्यादा, दोन्ही या एका अडचणीतून समजून घेता येतात.

भुकेचा लगाम

जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. रक्तातील साखर वाढलेली असताना ते इन्शुलिनचे स्रवण वाढवते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला तृप्तीचा संदेश देते. परंतु शरीरातील एक विकर त्याला अवघ्या काही मिनिटांत निष्प्रभ करते. हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत याच प्रकारचे, मात्र अधिक टिकाऊ पेप्टाइड सापडले. त्यावर आधारित एक्झेनाटाइड या औषधाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे आलेल्या सेमाग्लुटाइडच्या रेणूला मेदाम्लाची जोड दिलेली असल्याने ते रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून राहते. त्यामुळे आठवड्यातून एकच इंजेक्शन पुरते.

गोळीची युक्ती

हेच सेमाग्लुटाइड गोळीतून देण्यासाठी साल्कॅप्रोझेट सोडियम या साहाय्यक द्रव्याचा आधार घेण्यात आला. प्रत्येक गोळीत ते ३०० मिलिग्रॅम असते. गोळी जठरात विरघळताना हे द्रव्य तिच्या सभोवतालची आम्लता क्षणिक कमी करते, पाचक विकराला थोपवते आणि औषधाला जठराच्या अस्तरातून पलीकडे जाण्यास साह्य करते. रायबेल्सस या नावाच्या अशा गोळीला टाइप २ मधुमेहासाठी अमेरिकेत सप्टेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ती २०२२ मध्ये उपलब्ध झाली. वजन घटविण्यासाठीच्या २५ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये मान्यता देण्यात आली.

एवढे करूनही गोळीतील साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी औषध रक्तात पोहोचते. वजनासाठीच्या इंजेक्शनाची पूर्ण मात्रा आठवड्याला २.४ मिलिग्रॅम, तर गोळीची १७५ मिलिग्रॅम, म्हणजे सत्तरपटीहून अधिक!

म्हणूनच गोळी घेण्याची पद्धत हा उपचाराचाच भाग ठरतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, १२० मिलिलिटरपर्यंत, म्हणजे जेमतेम अर्धा पेला साध्या पाण्याबरोबर, न चावता गिळावी. त्यानंतर किमान अर्धा तास चहा, न्याहारी किंवा अन्य कोणतीही गोळी घेऊ नये. पहाटेच्या चहाबरोबर घेतलेली गोळी बव्हंशी वाया जाते. थायरॉइडची गोळीही सकाळीच घेणाऱ्यांनी वेळांचा मेळ डॉक्टरांना विचारून घालावा.

लाभ आणि जोखीम

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २५ मिलिग्रॅमची गोळी ६४ आठवडे घेणाऱ्या गटाचे वजन सरासरी १३.६ टक्के घटले. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे २.२ टक्के. दोन्ही गटांना आहार व व्यायामाचे मार्गदर्शन होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चाचणीत, हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार असलेल्या मधुमेही रुग्णांमध्ये मधुमेहाच्या गोळीमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका १४ टक्क्यांनी कमी झाला.

मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता हे नेहमीचे दुष्परिणाम. ते सौम्य राहावेत म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवतात. पित्ताशयाचे खडे आणि स्वादुपिंडाचा दाह या क्वचित आढळणाऱ्या, परंतु गंभीर तक्रारी. कुटुंबात थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास हे औषध वर्ज्य आहे. गर्भधारणेचा विचार असल्यास ते किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. वजनाबरोबर स्नायूही घटतात, म्हणून आहारात पुरेसे प्रथिन आणि जोडीला स्नायूंचा व्यायाम हवाच.

औषध थांबवल्यास काय होते, हेही जाणून घ्यावे. सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परतल्याचे २०२२ मधील अभ्यासात दिसून आले. स्थूलता हा रक्तदाबासारखाच दीर्घकालीन विकार आहे. चार महिन्यांच्या गोळ्यांनी तो कायमचा मिटत नाही.

आपल्यासाठी अर्थ

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. त्यामुळे सुईची भीती दूर करणाऱ्या गोळीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. ऑर्फोर्ग्लिप्रॉनसारखी, पेप्टाइड नसलेली औषधेही आता पुढे आली आहेत. त्यांना उपाशीपोटीचे बंधन नाही. मात्र गोळी सोपी दिसली, तरी औषध तेच आहे. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून ती दुकानातून परस्पर आणू नये. तपासण्या, मात्रा आणि उपचाराचा कालावधी यांचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.