रोजगार वाढला, उत्पादकता मागे. आयात किमतींचा भार स्वयंरोजगारितांवर

नवी दिल्ली : देशातील रोजगाराचे अधिकृत मोजमाप एप्रिल २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाद्वारे (पीएलएफएस) केले जाते. त्याच्या वार्षिक अहवालांनुसार १५ वर्षे व त्यावरील वयोगटातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मधील ६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. याच काळात महिलांचा श्रमबल सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला.

मे २०२५ पासून हे आकडे दरमहा प्रसिद्ध होऊ लागले. पहिल्याच, एप्रिल २०२५ च्या पत्रकात बेरोजगारीचा दर ५.१ टक्के होता. तो ३.२ टक्क्यांशेजारी ठेवून बेरोजगारी वाढली असे म्हणणे चुकीचे ठरेल. वार्षिक अहवालातील हा दर वर्षभरातील नेहमीच्या कामावर, तर मासिक दर मागील सात दिवसांतील कामावर आधारलेला आहे. त्या सात दिवसांत एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात गणली जाते.

मात्र रोजगार कोणत्या स्वरूपाचा, हा प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा आहे. स्वयंरोजगारितांचा वाटा या सहा वर्षांत ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेला. नियमित पगारदारांचा वाटा २२.८ टक्क्यांवरून २१.७ टक्क्यांवर उतरला. घरच्या शेतात किंवा दुकानात विनावेतन मदत करणारेही स्वयंरोजगारितच मानले जातात आणि नोंदलेल्या महिला कामगारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक याच गटातील आहेत. शेतीतील कामगारांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता. महासाथीच्या काळात शहरांतून गावी परतलेल्यांमुळे तो वाढला आणि २०२३-२४ मध्येही ४६.१ टक्के राहिला.

उत्पादकतेचे कोडे येथेच आहे. सकल मूल्यवर्धनात शेती व संलग्न क्षेत्राचा वाटा सुमारे १८ टक्के आहे. म्हणजे शेतीतील एका कामगारामागचे उत्पादन इतर क्षेत्रांतील सरासरीच्या साधारण एक चतुर्थांश भरते. श्रम अधिक उत्पादक क्षेत्राकडे वळणे हा उत्पादकता वाढण्याचा नेहमीचा मार्ग. तो काही वर्षे उलटा चालला.

आयात किमतींचा भार अशा कुटुंबांवर वेगळ्या रीतीने पडतो. भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आणि निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. २०२०-२१ मध्ये भारतीय खरेदीतील खनिज तेलाची सरासरी किंमत पिंपामागे सुमारे ४५ डॉलर होती. २०२२-२३ मध्ये ती ९३ डॉलरवर गेली. त्यातच २०२२ च्या प्रारंभी ७४ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरपर्यंत ८३ रुपयांपर्यंत पोहोचला. संघटित क्षेत्रातील अनेकांच्या पगाराला महागाई भत्त्याची जोड असते. पंपासाठी डिझेल घेणाऱ्या शेतकऱ्याला किंवा स्वतःचा टेम्पो चालवणाऱ्याला ती नसते.

स्वस्त आयातही सर्वांना सुखाची नसते. सोयाबीनचे दर हमीभावाखाली असताना सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के केले. मराठवाडा व विदर्भातील उत्पादकांना त्यातून दिलासा अपेक्षित होता. पुढे किरकोळ बाजारात तेल महागले आणि ३० मे २०२५ रोजी हेच शुल्क १० टक्क्यांवर आणण्यात आले.